दुसऱ्याच्या बागेत राबताना

ऑलिव्हची फळं तोडायला बाहेरची माणसं कशाला लागतात? शेतीशी थोडाफार संबंध असलेला कुणीही हा प्रश्न विचारील, आणि विचारायलाच हवा. पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकमध्ये ऑक्टोबर उजाडला की अख्खं घर बागेत उतरतं. आजी, सुना, नातवंडं, परगावी नोकरीला असलेला भाऊ, सगळे. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आलेल्या या माणसांपुढे लंडनहून किंवा शिकागोहून आलेला पोरगा म्हणजे नुसती अडगळ. फांदी कशी धरायची, शिडी कुठं टेकवायची, त्याला काही ठाऊक नसतं. दुपारपर्यंत त्याच्या हाताला फोड येतात आणि मग त्यालाच कुणीतरी पाणी आणून द्यावं लागतं. तरीही गेली वीस-पंचवीस वर्षं तिथल्या गावांतून हंगामाआधी निरोप जातात, की या. मजुरीला नका येऊ, सोबतीला या.

पनवेलहून निघणारं हे पुस्तक त्या सोबतीविषयी आहे. लष्करी ताब्याखालच्या प्रदेशात तोडणीला गेलेल्या निरनिराळ्या देशांतल्या स्वयंसेवकांची, त्यांना बोलावणाऱ्या शेतकऱ्यांची आणि त्यांच्यासोबत उभ्या राहणाऱ्या इस्रायली नागरिकांची टिपणं इथं मराठीत एकत्र आली आहेत. विषय आपल्याकडे बराचसा अपरिचित, म्हणून प्रस्तावना जरा लांबली आहे. वाचकानं सांभाळून घ्यावं.

सुरुवात जमिनीच्या कायद्यापासून करावी लागते. १८५८ साली तुर्की अमदानीत तिथं जमिनीचा कायदा झाला. त्यानुसार शेतजमिनीचा मोठा भाग असा, की अंतिम मालकी सरकारची आणि वहिवाट कसणाऱ्याची. सलग दहा वर्षं कसली तर हक्क पक्का होई. सबळ कारणाशिवाय सलग तीन वर्षं पडीक ठेवली तर ती सरकारजमा होऊ शके. तुर्क गेले, इंग्रज आले, मग जॉर्डन आलं, आणि जून १९६७ च्या युद्धानंतर इस्रायली लष्कर आलं. कायदा मात्र जागेवरच राहिला. लष्करानं जमिनीच्या नोंदणीचं अर्धवट राहिलेलं कामही थांबवलं, त्यामुळे बहुतेक शेतकऱ्यांकडे पक्का कागदच नव्हता. ऑक्टोबर १९७९ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं एलोन मोरे प्रकरणात, लष्करी हुकमानं खासगी जमीन घेऊन इस्रायली नागरिकांची वसाहत बसवायला अटकाव केला. तेव्हा सरकारनं वाट बदलली. जी जमीन कसल्याचा पुरावा नाही ती 'सरकारी' म्हणून जाहीर करायची आणि वसाहतीला द्यायची.

रायगडातल्या वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. आपल्याकडे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला असं मानलं गेलं. पण कसत कोण होतं, हे ठरवायचं कशावरून? पीकपाहणीवरून. ज्या कुळाचं नाव त्या रकान्यात लागलं ते तरलं. जिथं खोताच्या किंवा सावकाराच्या सांगण्यावरून 'खुद्द' अशी नोंद पडली, तिथं तीन पिढ्या चिखलात उभं राहिलेलं कूळ एका शब्दानं उपरं झालं. कोकणातल्या कुठल्याही तहसील कचेरीबाहेर अर्धा तास बसलं तरी अशी एखादी कहाणी कानावर येते. वेस्ट बँकचा शेतकरी तोट्याच्या वर्षातसुद्धा जीव धोक्यात घालून बागेत का जातो, याचं निम्मं उत्तर इथं आहे. त्याच्यासाठी तोडणी हीच पीकपाहणी आहे.

उरलेलं निम्मं उत्तर पोटाचं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ऐंशी हजार ते एक लाख कुटुंबांचा संसार कमी-अधिक प्रमाणात ऑलिव्हवर चालतो. झाड कोरडवाहू, दगडगोट्यांच्या उतारावर तग धरणारं, एक वर्षाआड भरघोस फळणारं. तेल घरात वर्षभर लागतं, मुलीच्या सासरी जातं, कॉलेजची फी त्यातून निघते. इस्रायलमध्ये किंवा वसाहतींमध्ये मजुरीला जाण्याचे परवाने रद्द झाले की घरात दुसरं काहीच उरत नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर असे लाखभराहून अधिक परवाने थांबले आणि इस्रायलनं बांधकामासाठी भारतातून कामगार नेले, हा या गोष्टीतला आपल्याशी थेट जोडलेला धागा. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याकडे रोजगाराची बातमी म्हणूनच पाहिलं.

आता बागेपर्यंत पोचायचं कसं ते पाहू. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारानं वेस्ट बँकचे अ, ब, क असे तीन भाग पाडले. त्यातला 'क' भाग, म्हणजे सुमारे साठ टक्के प्रदेश, पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या अखत्यारीत. गाव 'ब' मध्ये आणि बाग 'क' मध्ये, हे नेहमीचंच. २००२ पासून विभाजक भिंत उभी राहू लागली. ती बऱ्याच ठिकाणी गाव आणि शेत यांच्या मधूनच गेली. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ९ जुलै २००४ रोजी आपल्या सल्लागार मतात ती बेकायदा ठरवली, पण भिंत आहे तिथंच आहे. तिच्यातली शेताकडची काही फाटकं वर्षातून फक्त तोडणीच्या काही दिवसांत, तीही ठरावीक वेळी उघडतात. वसाहतीलगतच्या बागांसाठी 'आगाऊ समन्वय' नावाची पद्धत आहे: लष्कर तारखा देणार, त्या दिवशी शेतकऱ्यानं जायचं. दोन-तीन दिवस मिळाले तर नशीब, मग त्यात पाऊस येवो की ताप. इस्रायल सरकार याला सुरक्षेची व्यवस्था म्हणतं. वसाहतींवर हल्ले झालेले आहेत, भीती खोटी नाही. पण झाडं तोडणारा, फळं पळवणारा, दगड मारणारा वसाहतवाला मोकळा फिरतो आणि बागेचा मालक तारखेची वाट पाहत घरी बसतो, तेव्हा सुरक्षा कुणाची, हे विचारावंच लागतं. इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयानं जून २००६ मध्ये ते विचारलं. शेतकऱ्याला संरक्षण देणं लष्कराचं कर्तव्य आहे, हल्ल्याची भीती दाखवून त्यालाच त्याच्या जमिनीतून बाहेर ठेवता येणार नाही, असा निकाल पाच गावांच्या याचिकेवर लागला. कागदावर हा निकाल आजही उभा आहे.

बागेत प्रत्यक्ष काय चालतं, तेही सांगायला हवं, कारण या विषयावरच्या लिखाणात झाड नेहमी प्रतीक होऊन बसतं आणि काम दिसेनासं होतं. झाडाखाली मोठी ताडपत्री पसरतात, उतार असेल तर खालच्या कडेला दगड लावून ती उचलून धरतात, नाहीतर फळं गडगडत खालच्या बांधावर जातात. खालच्या फांद्या हातानं ओरबाडायच्या, बोटं थोडी वाकवून, गाईची धार काढावी तशी. वरच्यांसाठी प्लास्टिकच्या छोट्या फण्या आणि शिडी. काठीनं झोडपलं की काम झटपट होतं, पण पुढच्या वर्षी जिथं फुलोरा यायचा ती कोवळी डहाळी मोडते, म्हणून जाणती माणसं काठीवाल्यावर ओरडतात. पाला वेगळा करायचा, पोती भरायची आणि शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घाण्यावर न्यायची. पोत्यात फळ तापलं की तेलाची आम्लता चढते आणि भाव पडतो. चार-पाच किलो फळाला साधारण किलोभर तेल. मधे केव्हातरी काटक्यांवर चहा होतो, रोटी आणि मागच्या वर्षीचं तेल निघतं.

या सगळ्यात स्वयंसेवकाचं खरं काम बरेचदा हात थांबवून करायचं असतं. टेकडीवरून चार तरुण उतरताना दिसले की कॅमेरा काढायचा, लष्कराच्या आणि ओळखीच्या वकिलाच्या नंबरवर फोन लावायचा, घरातल्या माणसांच्या आणि येणाऱ्यांच्या मधे जाऊन उभं राहायचं. शिपाई येतात, 'बंदी घातलेलं लष्करी क्षेत्र' असा हुकमाचा कागद दाखवतात. हुज्जत घालायची की नाही, थांबायचं की निघायचं, हे शेतकरी ठरवणार, पाहुण्यानं ऐकायचं. हे ऐकणं सगळ्यात अवघड जातं, असं या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक नोंद कबूल करते.

ही प्रथा कुठून आली? बाहेरच्यांनी आणली असा समज आहे, तो चुकीचा. आपल्याकडे इर्जिक किंवा सावड आहे, तशी पॅलेस्टिनी खेड्यांतही एकमेकांच्या शेतात राबण्याची जुनी रीत होती. १९७२ च्या सुमारास रामल्ला आणि अल-बिरे भागातल्या तरुणांनी तिला नवं रूप दिलं. सुट्टीच्या दिवशी शहरातली मुलं-मुली खेड्यात जाऊन तोडणी करू लागली, रस्ते दुरुस्त करू लागली. बिरझेत विद्यापीठानं पदवीसाठी समाजकामाचे तास सक्तीचे केले. इस्रायलच्या हद्दीतल्या नाझरेथमध्ये कवी तौफिक झय्याद महापौर झाले आणि १९७६ पासून त्यांच्या नगरपालिकेची स्वयंसेवी श्रमशिबिरं गाजू लागली. एस. एम. जोशींच्या राष्ट्र सेवा दलात किंवा बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीत घाम गाळलेल्या मराठी माणसाला ही हवा ओळखीची वाटेल.

दुसरा प्रवाह इस्रायली नागरिकांचा. 'रब्बाइज फॉर ह्यूमन राइट्स' ही रब्बींची संघटना १९८८ पासूनची; आरिक आशरमन यांच्यासारखे रब्बी धर्मग्रंथाचा आधार घेऊन शेतकऱ्याच्या बाजूनं उभे राहिले, मारही खाल्ला. २००० मध्ये दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या, सुरुवातीला 'तायुश' हा ज्यू-अरब गट निघाला. तिसरा प्रवाह परदेशी माणसांचा: २००१ मध्ये 'इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंट', २००२ मध्ये जागतिक चर्च परिषदेचा सोबत-कार्यक्रम आणि त्याच वर्षी वायएमसीए-वायडब्ल्यूसीएची झाडं लावण्याची मोहीम. यांचं आपापसांत पटतंच असं नाही. चर्चचे लोक निरीक्षण करतात, नोंदी ठेवतात, हुकूम मोडत नाहीत. 'सॉलिडॅरिटी'वाले रस्त्यात बसतात. रब्बी आधी कोर्टात जातात, मग बागेत. आणखी एक धारा बाजाराची. २००४ च्या सुमारास ब्रिटनमधल्या 'झैतून'नं आणि जेनिन भागातल्या शेतकऱ्यांच्या न्याय्य व्यापार संघटनेनं तेलाला परदेशात रास्त भाव मिळवून दिला. माझ्या मते या सगळ्यांत कमी बोलला गेलेला आणि जास्त टिकाऊ प्रयत्न हाच आहे. स्वयंसेवक दोन आठवड्यांनी परत जातो, बाटली वर्षभर विकली जाते.

आणि एक धागा आपल्या जिल्ह्यातून निघतो. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५ चा. पनवेलहून तासा-दीड तासाचा रस्ता. १९५७ मध्ये त्यांनी गांधीजींची शांतिसेनेची कल्पना प्रत्यक्षात आणली: दंगलीच्या जागी नि:शस्त्र जाऊन मधे उभी राहणारी माणसं. त्या सेनेचं काम पुढं नेणारे नारायण देसाई १९८१ मध्ये कॅनडात 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल'च्या स्थापनेला हजर होते, संस्थापकांपैकी एक होते. या ब्रिगेडच्या माणसांनी ऐंशीच्या दशकात ग्वाटेमालात धमक्या आलेल्या कार्यकर्त्यांसोबत रात्रंदिवस राहण्याची पद्धत बसवली. हल्लेखोराला ठाऊक असतं, की परदेशी माणसाला धक्का लागला तर त्याचा दूतावास बोलेल, बातमी होईल. २००२ च्या अखेरीस दिल्लीजवळच्या सूरजकुंडला 'नॉनव्हायलंट पीसफोर्स' सुरू झाली तीही याच परंपरेतली. आपण विनोबांना भूदानाच्या चौकटीत बसवून मोकळे झालो. त्यांच्या दुसऱ्या कल्पनेनं जगात किती प्रवास केला, याची आपल्याला खबर नाही.

या पद्धतीतली अडचण तिच्या ताकदीतच आहे. संरक्षण देतं ते पारपत्र. म्हणजे गोऱ्या कातडीच्या, श्रीमंत देशाच्या माणसाचा जीव महाग आणि बागेच्या मालकाचा स्वस्त, हे गृहीत धरूनच ती चालते. अनेक पॅलेस्टिनी कार्यकर्त्यांनी यावर कडवट लिहिलं आहे, आणि ते बरोबर आहे. शिवाय 'ऑलिव्ह पर्यटन' नावाचा प्रकारही आहे: दोन दिवस तोडणी, एक दिवस बेथलेहेम, भरपूर फोटो. आणि आता ते पारपत्रही पुरेसं उरलेलं नाही. १६ मार्च २००३ रोजी गाझातल्या राफा इथं अमेरिकन रेचल कोरी लष्करी बुलडोझरखाली गेली. ६ सप्टेंबर २०२४ रोजी वेस्ट बँकमधल्या बेइता गावात २६ वर्षांची अमेरिकन स्वयंसेवक आयशेनूर एझगी एयगी लष्कराच्या गोळीनं गेली. ती ऑलिव्हच्या झाडांमध्ये उभी होती.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासनं दक्षिण इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझाचं काय झालं ते सगळ्या जगानं पाहिलं. वेस्ट बँकमध्ये ती तोडणीची वेळ होती. आगाऊ समन्वय बंद झाला, शेतकऱ्यांना बागेत जायलाच मनाई झाली. त्या हंगामात सुमारे ९६ हजार दुनम, म्हणजे जवळपास २४ हजार एकर बागा न तोडता राहिल्या, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कार्यालयानं नोंदवलं. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हा ताबाच बेकायदा असल्याचं मत दिलं. बागांमध्ये मात्र उलटंच घडत गेलं. २०२५ च्या ऑक्टोबर या एका महिन्यात वसाहतवाल्यांचे २६० हून अधिक हल्ले नोंदले गेले; २००६ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यात एका महिन्यात इतके कधीच नव्हते. त्याच महिन्यात नाबलूसजवळच्या बुरिनमध्ये तोडणीला आलेल्या ३२ परदेशी स्वयंसेवकांना पकडून देशाबाहेर काढलं गेलं. साक्षीदारालाच हाकलायचं, हे नवं धोरण. म्हणून हे पुस्तक आत्ता यायला हवं होतं.

ते पनवेलमधून का यावं, असंही कुणी विचारील. या गावात १८४९ चं बेथ एल सिनेगॉग आहे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या लोकांना गावकरी शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. त्यांच्यातली बहुसंख्य कुटुंबं १९४८ नंतर इस्रायलला गेली. तिथं मराठी अजून बोलली जाते. इस्रायल हा आमच्याकडे पेपरातला शब्द नाही, शेजारचं बंद घर आहे. त्यामुळे या विषयावर बोलताना ज्यू माणसाविषयी द्वेषाचा एक शब्दही खपवून घेणार नाही, हे संपादकांनी पहिल्याच बैठकीत ठरवलं, ते मला योग्य वाटतं.

दुसरं कारण जमिनीचं. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळ्यांनी नाग्या महादू कातकरी आणि इतर सत्याग्रही मेले. १९३३ ते १९३९ अलिबागच्या खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी राहून खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, लाकडं विकून दिवस काढले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पनवेलचे हिरवे गुरुजी नि:शस्त्र तेरेखोलला गेले आणि पोर्तुगीज गोळीला बळी पडले. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्के विकसित भूखंडाची वाट मोकळी झाली. सप्टेंबर २००८ मध्ये सेझविरुद्ध पेण तालुक्यात सरकारला जनमत घ्यावं लागलं. हे प्रसंग आणि वेस्ट बँक एकच, असं मी म्हणणार नाही. भूसंपादनाविरुद्ध मतपेटी असते, मोबदला असतो, कोर्ट आपलं असतं. लष्करी ताब्याखाली यातलं काही नसतं. पण आपल्या जमिनीवर उभं राहण्यासाठी दुसऱ्याची परवानगी लागणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कळतं.

पुस्तकाची रचना देशवार किंवा संघटनावार केलेली नाही. हंगामाच्या क्रमानं केली आहे: निरोप, प्रवास, फाटक, बाग, घाणा, परतीचा विमानतळ. स्वयंसेवकांच्या शौर्यकथा काटेकोरपणे गाळल्या आहेत. शेतकऱ्यांची निवेदनं दर भागात आधी येतात, पाहुण्यांची मागून. वसाहतीतल्या माणसांचं म्हणणं एका भागात त्यांच्याच शब्दांत दिलं आहे. ते वाचताना राग येईल, तरी वाचावं. तारा गावच्या युसुफ मेहेरअली सेंटरच्या घाण्यासारख्या आपल्याकडच्या उद्योगांविषयीचं टिपण मला थोडं आखूड वाटलं. तेल आणि स्वावलंबन हा धागा अजून ताणता आला असता. गाझाविषयी पुस्तक जवळजवळ गप्प आहे. तिथल्या बागांचं काय उरलं, हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे, हा संपादकांचा निर्णय मला पटला.

वाचून कुणाला उठून निघावंसं वाटेल. त्यांनी आधी तिथल्या गावानं बोलावलंय का, ते पाहावं. न बोलावता गेलेला स्वयंसेवक ओझं असतो. घरी तेलाची बाटली मागवणं, चुकीची बातमी दिसली तर संपादकाला पत्र लिहिणं, आपल्या खासदाराला प्रश्न विचारणं, हीही कामं आहेत. आणि ज्यांना हातानंच काही करायचं आहे त्यांच्यासाठी: ऑक्टोबरात पेण-उरणच्या खारेपाटात भातकापणीला माणसं मिळत नाहीत, पाऊस लांबला तर उभं पीक आडवं होतं. तिथं जायला पारपत्र लागत नाही. एखाद्या शेतकऱ्याला आधी विचारा, आणि तो सांगेल तसं करा.